जोडप्यांसाठीही ही पार्टी तितकीच मोलाची
फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या डिस्नेच्या थीम पार्कमधील नाताळ पार्टीविषयी 'मुले सोबत नसतील तर जोडप्याने या वेगळ्या तिकिटावर पैसे घालवू नयेत' असे लेखात म्हटले आहे, ते मला मुळीच पटले नाही. मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना आम्ही नवराबायको मुद्दाम दोघेच तिथे गेलो होतो. पार्टी संध्याकाळी ७ ते मध्यरात्रीपर्यंत असली, तरी तिकीटधारकांना दुपारी ४ पासून आत सोडतात, हे लेखात यायलाच हवे होते, कारण खर्चाचे सारे गणित त्यानेच बदलते.

शिवाय परेड दोनदा निघते. पहिलीनंतर पेंगुळलेली मुले खांद्यावर टाकून कुटुंबे परतू लागतात आणि दुसरीला अगदी पुढे निवांत जागा मिळते. पार्कमधल्या मेन स्ट्रीट या रस्त्यावर यंत्रातून उडवलेला फेसाचा बर्फ ह्यांच्या चष्म्यावर साचत होता, हातात तिकिटातच मिळणारा गरम कोको होता, आणि वांद्र्याच्या हिल रोडवर नाताळच्या गर्दीत वर्षानुवर्षे धक्के खाल्लेले आम्ही त्या रात्री कसलीही घाई न करता चालत होतो. जाणाऱ्यांनी स्वेटर मात्र जवळ ठेवावा. मुंबईच्या डिसेंबरची सवय असलेल्यांना तिथली रात्र चांगलीच गार वाटते.