सुटलो की नाही, यावर स्टार देऊ नका

चार वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही सहा जण पहिल्यांदा एस्केप रूम खेळलो, म्हणजे बंद खोलीत कोडी सोडवत, कुलपं उघडत ठरलेल्या वेळेत बाहेर पडायचा खेळ. शेवटचं नंबर लॉक काही केल्या उघडेना. आकडे बरोबर होते, दोनदा ताडून पाहिले होते. टायमर शून्यावर आला, दिवे लागले आणि मी रिक्षात बसल्या बसल्या दोन स्टार देऊन मोकळी झाले : 'कुलूप खराब, पैसे वाया.'

काही महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या माणसाने, खेळाआधीच एक कुलूप हातात दिलं. आकडे बाजूच्या खुणेसमोर अगदी ओळीत यायला हवेत, नाहीतर योग्य आकडा लावूनही ते उघडत नाही, हे त्याने करून दाखवलं. ऐकताना पोटात खड्डा पडला. आम्ही आकडे खुणेवर लावलेच नव्हते. हे आधी सांगितलं नाही ही त्या लोकांची चूक, पण कुलूप खराब असल्याचं मी खात्रीने लिहिलं होतं. मी तो रिव्ह्यू बदलला. तोवर तो किती जणांनी वाचला असेल, याचा विचार अजून टोचतो, कारण तेव्हा त्या जागेचे सगळे मिळून आठ-दहाच रिव्ह्यू होते.

उलटंही घडलंय. एका खोलीतून ४१ मिनिटांत बाहेर पडलो, फोटो काढले, काउंटरवरच्या मुलाने 'मॅडम, फाइव्ह स्टार द्या ना' म्हटलं आणि तिथेच दिले. घरी आल्यावर आठवून पाहिलं तर खोलीत एका मागोमाग एक कुलपं होती, बाकी काही नव्हतं. ते पाच स्टार आमच्या आनंदाचे होते. म्हणून आता मी तिथे उभ्या उभ्या काही लिहीत नाही, एक रात्र जाऊ देते.

हरणं ही तर या खेळातली नेहमीची गोष्ट. कॅनडातले प्राध्यापक स्कॉट निकल्सन यांनी २०१५ मध्ये जगभरातल्या १७५ ठिकाणांची पाहणी केली, त्यात वेळेत सुटणाऱ्या गटांचं सरासरी प्रमाण साधारण ४१ टक्के निघालं. म्हणजे निम्म्याहून अधिक गट अडकतात. त्या सगळ्यांनी रागाने रेटिंग दिलं, तर अवघड पण उत्तम खोली कायम खालीच राहणार.

मग बघायचं काय? माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न : उत्तर कळल्यावर 'अरे, हे समोरच होतं!' असं वाटलं, की 'हे कुणाला सुचणार?' असं? लागणारं सगळं खोलीतच असलं, तर कोडं कितीही कठीण असो, ते प्रामाणिक आहे. इंग्रजी शब्दांच्या श्लेषावर अडलेलं कोडं माझ्या मावशीला सुटणार नाही, आणि नुसत्या लाल-हिरव्या तारांवर बेतलेलं कोडं रंगांधळ्या दिराला. हे रिव्ह्यूत आलंच पाहिजे. उत्तर फोडू नका, एवढंच लिहा की रंग ओळखावे लागतात.

किती जण खेळलात, तेही लिहा. बोर्डावर 'दोन ते आठ' असतं, पण कोडी एकामागून एक सुटणारी असतील तर आठातले पाच जण भिंतीला टेकून उभे राहतात. तीच खोली तिघांना सुरेख वाटेल. आणि ही तुमची कितवी खोली, तेही. पहिल्या वेळी कपाटामागचा दरवाजा उघडला की आपण किंचाळतो, विसाव्या वेळी तो उघडणार हे आधीच कळतं. टर्पेका नावाचे एस्केप रूमचे जागतिक पुरस्कार २०१८ पासून दिले जातात. तिथे भरपूर खोल्या खेळलेले लोक स्टार देत बसत नाहीत, आपण खेळलेल्या खोल्या एकमेकींशी ताडून क्रम लावतात. मला ती पद्धत फार पटते.

रविवारी रात्रीच्या शेवटच्या खेळाला टॉर्च मंद असणं, आधीच्या गटाची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये राहणं, यावरून लगेच खोलीला नापास करू नका. गेम मास्टरने ते कसं सावरलं ते पाहा. वेळ वाढवून दिला? स्वतःहून हिंट दिली? पण तीच तक्रार पाच जणांनी लिहिली असेल, तर मात्र मालक हलगर्जी आहे.

एका बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही. ४ जानेवारी २०१९ ला पोलंडमधल्या कोशालिन शहरात एका एस्केप रूमला आग लागली आणि वाढदिवस साजरा करायला आलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. त्यांना खोलीतून बाहेर पडता आलं नाही. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनची आग आपण सगळ्यांनी पाहिली. म्हणून आत शिरण्याआधी मी विचारते : दार आतून आम्हाला उघडता येतं का? वीज गेली तर चुंबकी कुलूप आपोआप सुटतं का? दुसरी वाट कुठे? उत्तर देताना समोरचा अडखळला तर मी खेळत नाही, आणि का खेळले नाही ते रिव्ह्यूच्या पहिल्याच ओळीत लिहिते. अशा जागेची कोडी कितीही छान असली तरी त्यांना माझ्याकडून एकही स्टार नाही.

परवाचा माझा रिव्ह्यू असा होता : 'चौघं, माझी तेरावी खोली, सुटलो नाही. सात मिनिटं कमी पडली. शेवटून दुसरं कोडं इतकं सुंदर होतं की उत्तर कळल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. बारीक अक्षर वाचावं लागतं, चष्मा न्या. दार आतून उघडतं, स्वतः उघडून पाहिलं. चार स्टार.'