जावयाने सासूचं केलं, त्याबद्दल

आमचं लग्न 1988 चं. इतक्या वर्षांत ह्यांना मी तोंडावर कधी धन्यवाद म्हटलेलं नाही. घरच्या माणसाचे कसले आभार मानायचे, असंच आमच्या पिढीचं. पण एका गोष्टीबद्दल मला चारचौघांत बोलायचंय.

माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भाऊ परदेशात, त्याच्या अडचणी खऱ्या होत्या. 'आता आईला कुठे न्यायचं' हे मी तोंडातून काढायच्या आत ह्यांनी आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत हॉलमधला दिवाण हलवून भाड्याचा फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडची बाजू वर उचलता येते तो हॉस्पिटलसारखा पलंग, लावून घेतला होता.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं म्हणजे काय, ते केलेल्यालाच कळतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी जखम होते आणि ती भरता भरत नाही. नाकातल्या नळीतून पेज द्यायची, त्याआधी डोक्याकडची बाजू उचलायची. दिल्यावरही अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही, अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. शेवटी साधं पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते. सिस्टरनी दाखवलेलं सगळं ह्यांनी वहीत उतरवून घेतलं. रात्री दोनचा गजर ह्यांचा, चारचा माझा. माझी शाळा चालू होती आणि हे रिटायर झालेले, त्यामुळे दिवसभर आईजवळ तेच.

आणि डायपर. जन्मभर जावयासमोर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली बाई ती. पहिले काही दिवस डोळे गच्च मिटून घ्यायची, डोळ्यांतून पाणी यायचं. बाई ठेवू म्हटलं, तर तीही रोज वेळेवर यायची नाही. मग हे स्वच्छ करताना तिच्याशी बाजारातल्या भाजीचे भाव बोलत राहायचे. मेथी केवढ्याला, गवार कशी महागली, सगळं. हळूहळू तिने डोळे मिटणं सोडलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्याकडे जावई म्हणजे 'दशमग्रह'. त्याचे मानपान, त्याची मर्जी. मुलीच्या घरचं पाणीही न पिणारे आईवडील मी माझ्या लहानपणी पाहिलेत. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सांगितलं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही 'मुलं' म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही. जावयाचं नाव त्यात कुठेच नाही. म्हणजे ह्यांच्यावर ना कायद्याची सक्ती होती, ना रीतीची.

2023 च्या अधिक श्रावणात आईने खुणेनेच वाणाची आठवण करून दिली. तेहतीस अनारसे या खेपेला मी केले. तिने डाव्या हाताने ताटाला हात लावला. अधिकात जावई नारायण, पूजा त्याची. ह्यांनी ताट घेतलं, बाजूला ठेवलं आणि तिच्या पाया पडले.

बिल्डिंगमधली माणसं म्हणायची, देवमाणूस आहेत हो तुमचे मिस्टर. त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "हिने माझ्या आईचं केलं, तेव्हा हिला कोण देवी म्हणालं?" खरं आहे. सुनेने केलं तर कर्तव्य, जावयाने केलं तर उपकार, हा हिशोब मलाही मान्य नाही. पण तो हिशोब चुकीचा म्हणून ह्यांचे कष्ट कमी होत नाहीत. त्यांची कंबर धरायची, झोप अपुरी राहायची, कधी माझ्यावर चिडायचेसुद्धा. आईवर मात्र एकदाही आवाज चढला नाही. देव म्हटलं की हा सगळा शीण पुसला जातो, म्हणून मला तो शब्द नको वाटतो.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. आईच्या पेन्शनला आम्ही हात लावायचा नाही, हे ह्यांनीच ठरवलं. तिचं पासबुक महिन्याच्या महिन्याला भरून आणायचे आणि तिला दाखवायचे. बोलता येत नव्हतं, पण आकडे तिला कळत होते.

आई गेल्या वर्षी गेली.

अहो, तुम्ही हे वाचाल आणि 'एवढं लिहायची काय गरज होती' म्हणाल. गरज होती. माझी आई माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, अंगावर एकही जखम न होता गेली. ते तुमच्यामुळे झालं. मी तुमची मनापासून आभारी आहे.