पार्टीचा नंबर देण्याआधी हिस्सा लिहून घ्या

दादरच्या एजंटकडे वर्षानुवर्षं येणारं कुटुंब एक दिवस म्हणतं, "आता मुलासाठी घोडबंदर रोडला टू बीएचके बघा." तिथली कुठली सोसायटी टँकरवर जगते, कुठल्या इमारतीची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) अडकली आहे, हे दादरच्या माणसाला ठाऊक नसतं. ठाऊक असल्याचं त्याने भासवूही नये. पार्टी, म्हणजे हा ग्राहक, ठाण्यातल्या भरवशाच्या एजंटकडे द्यावी आणि आपला हिस्सा घ्यावा. हा सरळ व्यवहार आहे. तो बिघडतो फोनवरच्या एका वाक्याने: "माझीच पार्टी आहे, नंतर समजून घे."

समजून घ्यायचं म्हणजे किती? आपल्याकडे तीन वेगळे प्रकार एकाच नावाने चालतात. 'साइड बाय साइड'मध्ये खरेदीदाराचा एजंट खरेदीदाराकडून आणि मालकाचा एजंट मालकाकडून दलाली घेतो, रिसेलला सहसा 1-1 टक्का. 'फिफ्टी-फिफ्टी'त जमा होईल ते अर्धं-अर्धं, कारण दोघांनीही काम केलेलं असतं. रेफरलमध्ये पहिला एजंट फक्त पार्टी देतो. घरं दाखवणं, कागद तपासणं, सोसायटीची एनओसी, रजिस्ट्रेशन हे सगळं दुसरा करतो. देणाऱ्याच्या डोक्यात फिफ्टी-फिफ्टी आणि घेणाऱ्याच्या डोक्यात 'पाच-दहा हजार देऊन टाकू' असेल, तर भांडण टोकनच्या (बयाण्याच्या) दिवशीच ठरलेलं. माझ्या मते नुसत्या रेफरलला 25 टक्के योग्य. पार्टीसोबत साइटवर फिरलात, बोलणीला बसलात, तर निम्मा हिस्सा जरूर मागा.

पण टक्का कशाचा, हा त्याहून मोठा प्रश्न. दीड कोटीच्या फ्लॅटवर 1 टक्का म्हणजे दीड लाख, त्याचे 25 टक्के 37,500. शेवटच्या बैठकीत पार्टी घासाघीस करून दलाली एक लाखावर आणते. आता रेफरलचे 25,000 की 37,500? आधी 'प्रत्यक्ष हातात आलेल्या दलालीवर' असं लिहिलं असेल तर वाद उरत नाही. वरचा 18 टक्के जीएसटी सरकारचा, तो वाटणीत धरू नका. टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापायचा असेल तर तेही आधीच सांगा. ऑक्टोबर 2024 पासून दलालीवर तो 2 टक्के आहे, पूर्वी 5 होता.

यासाठी वकील लागत नाही. पार्टीला विचारून, नंबर देण्याआधी, व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पाठवा: "पार्टीचं नाव, मोबाइलचे शेवटचे चार आकडे. गरज: टू बीएचके, ठाणे पश्चिम, दीड कोटीपर्यंत. रेफरल 25 टक्के, मिळालेल्या दलालीवर, जीएसटी वगळून. मुदत 12 महिने. दलाली जमा झाल्यापासून 7 दिवसांत." समोरून 'मान्य' आलं की मग पूर्ण नंबर. मुदत विसरू नका, कारण घर बघणारी माणसं आठ-आठ महिने थांबतात आणि तोवर नंबर कुणी दिला होता ते घेणाऱ्याला आठवत नाही.

बिल्डरच्या प्रकल्पात गोष्ट आणखी नाजूक. तिथे पहिल्या साइट व्हिजिटआधी पार्टी कुणाच्या तरी नावावर टॅग व्हावी लागते, आणि ते टॅग ठरावीक दिवसांनी संपतं. पार्टीने आधीच बिल्डरच्या वेबसाइटवर फॉर्म भरला असेल तर ती 'डायरेक्ट' धरली जाते आणि दोन्ही एजंट कोरडे राहतात. म्हणून पार्टीला पहिल्याच फोनवर विचारा, कुठे नंबर टाकलाय का? शिवाय बिल्डर दलाली देतो ती करारनामा रजिस्टर झाल्यावर आणि ठरलेली रक्कम भरल्यावर. बुकिंग रद्द झालं तर दिलेली दलाली परत मागतो, मग रेफरलचे पैसेही परत करावे लागतील, हेही त्या मेसेजमध्येच यायला हवं.

ज्याला हिस्सा देताय त्याचा महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी नंबर बघा. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकायला एजंटची नोंदणी लागते, ही 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 9 ची अट. खरेदीदार आणि विक्रेत्याची नुसती ओळख करून देऊन पैसे घेणाराही कायद्याने एजंटच. विनानोंदणी काम केलं तर कलम 62 खाली दिवसाला 10,000 रुपये, घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र साखळीने होतं. बोरिवलीचा एजंट कांदिवलीच्या ग्रुपवर 'रिक्वायरमेंट' टाकतो, तिथला ती मालाडला पाठवतो, आणि एका पार्टीमागे चार जण लागतात. 'मालक डायरेक्ट आहे' म्हणणाऱ्याकडे मालकाचा नंबर नसतो, चावी तिसऱ्याकडे असते. पार्टीला दिवसात पंधरा फोन येतात, मालकाला एकाच ग्राहकाचे दोन वेगळे भाव कानावर पडतात, आणि तो सरळ किंमत वाढवतो. पार्टी दिलेल्या एजंटने ती पुढे तिसऱ्याला द्यायची नाही, द्यायचीच असेल तर आधी विचारायचं, ही अट मी सोडणार नाही.

भाड्याच्या घरांत रक्कम छोटी, पण कटकट तीच. 45,000 भाड्याच्या घरावर एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, तिचे 25 टक्के 11,250. अकरा महिन्यांनी लीव्ह अँड लायसन्स नव्याने होतं, तेव्हा दलाली पुन्हा मिळाली तर रेफरल पुन्हा द्यायचा का? माझं मत: नाही. नूतनीकरणाचे कागद, पोलिसांकडची भाडेकरू माहिती, मालकाशी बोलणी हे सगळं तिथला एजंट करतो, ते पैसे त्याचेच. पण त्याच भाडेकरूने दोन वर्षांनी घर विकत घ्यायचं ठरवलं, तर ज्याने पार्टी दिली त्याला निदान एक फोन जायला हवा.