स्वस्त प्रीमियमवर जाऊ नका

क्रूझच्या (बोटीवरच्या सहलीच्या) प्रवास विम्यावरच्या या लेखात कंपन्यांचे प्रीमियम शेजारी-शेजारी मांडून स्वस्तातली पॉलिसी सुचवलीय. क्रूझला तेवढ्यावर भागत नाही हो. बोटीवरच्या दवाखान्यात आपलं इकडचं आरोग्य विम्याचं कॅशलेस कार्ड चालत नाही. सिंगापूरच्या क्रूझवर आमच्या मामंजींना उलट्या सुरू झाल्या, एक सलाईन लागलं आणि बिल थेट केबिनच्या खात्यावर पडलं, तेही डॉलरमध्ये. उतरायच्या आधी शिक्का मारलेलं बिल अन् डॉक्टरची चिठ्ठी मागून घेतली, म्हणून परभणीला आल्यावर क्लेम मंजूर झाला.

मोठा खर्च असतो तो भर समुद्रातून पेशंटला हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर न्यायचा. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, म्हणून युरोपच्या क्रूझला लोक नेमकं तेवढंच घेतात. ते व्हिसापुरतं झालं, हेलिकॉप्टरच्या खर्चाचं काय!

बीपी-शुगर फॉर्मवर लिहाच. एजंट म्हणतो, "राहू द्या काकू, उगं प्रीमियम वाढतो." क्लेमच्या वेळी हाच माणूस फोन उचलत नाही.

आपल्या परभणीकडच्यांसाठी आणखी एक. परदेशी प्रवासाची पॉलिसी बहुतेक वेळा भारताबाहेर पडल्यावरच लागू होते. देवगिरी एक्सप्रेस लेट झाली, मुंबईचं विमान हुकलं आणि तिकडं बोट सुटली, तर भरपाई मागायची कुणाला? एक दिवस आधीच मुंबई गाठा, पाहुण्यांकडं मुक्काम टाका.

मुंबई-गोवा क्रूझला मात्र देशांतर्गत पॉलिसी बघावी लागते. लेखकानं त्यावरही लिहावं.