लपवायचं काही नाही, तर पिसं कशाला?

रविवारी आईचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "अरे, तुमच्याकडची कबुतरं खरी असतात ना?"

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी चिनी कबुतर-ड्रोनची जुनी बातमी टाकली होती. २०१८ साली हाँगकाँगच्या एका वृत्तपत्राने छापलेली: पंख फडफडवत उडणारं साधारण दोनशे ग्रॅमचं यंत्र, अंगात कॅमेरा, आणि शिनजियांगसह काही प्रांतांत पाळतीसाठी वापर. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. निवृत्त काका मंडळींचं म्हणणं, आपल्याकडेही आणा, चोऱ्या थांबतील. ज्याला काही लपवायचं नाही त्याने कशाला घाबरायचं? तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने उलट विचारलं, म्हणजे आता गच्चीवर कपडे वाळत घालायचीही चोरी का?

मी राहतो जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एसलिंगनमध्ये. इथल्याच फेस्टो कंपनीने २०२० साली पाकोळी पक्ष्याची ४२ ग्रॅमची यांत्रिक प्रतिकृती उडवली. पंखांचा विस्तार ६८ सेंटीमीटर. ती कुणावर पाळत ठेवत नाही, कंपनीची कारागिरी मिरवते. अमेरिकेत मात्र संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेच्या पैशातून २०११ मध्ये कॅमेरावाला हमिंगबर्ड तयार झाला, वजन अवघं १९ ग्रॅम. काही मिनिटांत त्याची बॅटरी संपायची, तेव्हा दिवसभर मागे लागणाऱ्या चिमणीची धास्ती इतक्यात नको. शिवाय आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीतच. आपला तसाच इवलासा शिंजीर पक्षी म्हणून खपवायला गेलात, तर पुण्यातल्या पाषाण तलावावरचे पक्षीवेडे दोन मिनिटांत त्याचं पितळ उघडं पाडतील.

माझी सायकल चोरीला गेली तेव्हा मी बाल्कनीत कॅमेरा लावला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींची चिठ्ठी: तुमच्या कॅमेऱ्यात फुटपाथ येतो, काढा. मी चिडलो. पुणेकराला कुणी शिकवलेलं कधी आवडलंय? पण बाई बरोबर होत्या. आपल्या घराच्या राखणीसाठी रस्त्यावरच्या माणसांचं चित्रण इथे सहसा चालत नाही. कॅमेरावाला ड्रोन कितीही छोटा असला, तरी लोकांच्या घरांवरून, अंगणांवरून उडवायचा तर त्यांची परवानगी लागते. २०१० मध्ये गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये आमचं घर धूसर करा, असं इथल्या दोन लाख चव्वेचाळीस हजार कुटुंबांनी कळवलं होतं. तीच माणसं सवलतीच्या कार्डासाठी दुकानदाराला आपली सगळी खरेदी सांगून मोकळी होतात, ते वेगळं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२१च्या ड्रोन नियमांत वर्गवारी वजनावर आहे, आणि अडीचशे ग्रॅमपर्यंतचा 'नॅनो' ड्रोन उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. खोटे पक्षी बसतात ते नेमके याच गटात. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातून तर सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं.

काका म्हणतात, वाड्यात तरी कुठे खासगीपणा होता? खरंय. आमचे आजोबा सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढले. कुणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, सगळं चौकाला ठाऊक. पण बघणारी काकू दिसायची. तिला "काय बघताय?" असं विचारता यायचं, आणि तिच्या घरातलं आपल्यालाही माहीत असायचं. या यंत्राची सगळी करामत आपल्याला पत्ता लागू नये यासाठीच आहे. तेव्हा काकांचा प्रश्न मी त्यालाच विचारीन: तुला लपवायचं काही नाही, तर पिसं कशाला?

हे सगळं आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग मी सहज विचारलं, "आपल्या जिन्यातले कॅमेरे कोण बघतं गं?"

"वॉचमन," ती म्हणाली. जरा थांबून, "आणि चेअरमनचा मुलगा. मोबाईलवर."

"कुणाला विचारून?"

"ते नाही बाई कुणी विचारलं अजून."