पाठमोरा मामा

माझा मामा नट होता, ही गोष्ट घरात अभिमानाची होती. घराबाहेर मात्र ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागे. नाटकाचे नाव सांगितले की समोरच्याचा चेहरा उजळत असे आणि "त्यात ते कोण?" या पुढच्या प्रश्नाला "दुसऱ्या अंकात पाहुणे आल्याची वर्दी देतो तो" असे उत्तर मिळाले की तोच चेहरा पूर्ववत होत असे. व्यावसायिक रंगभूमीवर मामाने पस्तीस वर्षे वर्दी दिली. पाहुणे मोठे झाले, काही सिनेमात गेले, मामा दारातच राहिला.

अशा मामाच्या प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात वर्तमानपत्रात द्यायचे ठरले आणि फोटो शोधण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. जाहिरात घेणाऱ्या गृहस्थांनी फोनवर अटी सांगितल्या : फोटो समोरून काढलेला हवा, चेहरा स्पष्ट हवा, डोक्यावर काही नको आणि सगळे संध्याकाळी पाचच्या आत हवे. त्या वेळी मला यांतली फक्त पाचची अट अवघड वाटली.

मी मामाची पत्र्याची ट्रंक उघडली. सगळ्यात वर मिश्यांचा डबा होता. क्रेपच्या केसांच्या त्या मिश्या कागदावर एकाखाली एक चिकटवलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे मामाच्या वळणदार अक्षरात 'हवालदार', 'सासरा', 'सासरा (तापट)', 'किल्लेदार' अशी नोंद होती. मिशी चिकटवण्याच्या स्पिरिट गमने मामाच्या नाकाखाली कायमचा तांबूस पट्टा उमटला होता, त्यामुळे बिनमिशीचा मामाही नेहमी मिशी कुठेतरी विसरून आल्यासारखा दिसे.

डब्याखाली फोटो होते, आणि ते शेकड्यांनी होते. हवालदाराच्या वेषातला मामा चार नाटकांत सापडला, चारही वेळा एकच दंडुका घेऊन. भाला घेतलेला मावळा सापडला, पण शिरस्त्राण एका मापाने मोठे असल्यामुळे भुवयांपासून वरचा मामा त्यात नव्हता. एका रहस्यनाटकात मामा पडदा उघडण्यापूर्वीच मेलेला असे. त्या फोटोत दिवाणखान्याच्या मधोमध पांढऱ्या चादरीखाली एक उंचवटा दिसत होता, त्याकडे शाईने बाण काढलेला होता आणि मागच्या बाजूला 'मी' असे लिहिले होते. (बाण आणि 'मी' प्रत्येक फोटोवर असत. आपल्याला कोणी ओळखणार नाही, याची मामाला जन्मभर खात्री होती.) घाईघाईत मी त्यातल्या त्यात स्वच्छ चेहऱ्याचा एक हवालदार पाठवून दिला. दहा मिनिटांत फोन आला : "पोलीस खात्यात होते का? मग हुद्दा कळवा, नावाआधी टाकू."

आई म्हणाली, लग्नातला फोटो दे. त्या फोटोत मामी सरळ आपल्याकडे पाहते आहे आणि मामा मांडवाच्या खांबाकडे आर्त नजरेने बघतो आहे. "मला वाटलं होतं, खांबापाशी कुणीतरी उभी आहे," मामी म्हणाली. "वर्षभरानं कळलं, ते कॅमेऱ्याला उजवी बाजू देत होते."

ओळखपत्रावरचा फोटो तरी साधा असेल म्हणून तो काढला, तर त्यात मामाने सामान्य नागरिकाची भूमिका केलेली होती. खांदे किंचित पाडलेले, महागाईने खचलेला चेहरा, डोळ्यांत आशेचा एक बारीकसा ठिपका. काम उत्तम झाले होते, पण तो मामा नव्हता.

मामाला याचे कधी वाईट वाटले नाही. बालगंधर्व म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शालू आणि नथ येते की पागोटे, असे तो विचारी आणि आमचे उत्तर येण्याआधीच "झालं तर मग" म्हणून विषय संपवी. दर ५ नोव्हेंबरला, म्हणजे रंगभूमी दिनी, तो आम्हां भाचरांना ओळीने बसवून १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत केलेल्या 'सीतास्वयंवरा'ची गोष्ट सांगे. त्या काळच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. "म्हणजे वर्दी द्यायला आलेला माणूससुद्धा हवा तितका वेळ बोलू शकत होता!" एवढे सांगून मामा थोडा वेळ गप्प बसत असे. पुढे नाटककार संवाद लिहून देऊ लागले हे कलेच्या दृष्टीने ठीक झाले असेल, पण वर्दी देणाऱ्यांचे त्यात नुकसान झाले, असे त्याचे प्रामाणिक मत होते.

नटाने प्रेक्षकांकडे पाठ करू नये, हा जुना दंडक त्याने तालमीच्या पहिल्या दिवशी ऐकला आणि पुढे पाठमोऱ्या नटांची फॅशन आली तरी सोडला नाही. घरातही तो खोलीतून बाहेर पडताना खेकड्यासारखा तिरपा चाले. दवाखान्यातून निघताना तो डॉक्टरांकडे तोंड करून मागे मागे सरकत येई, आणि ते पाहून बाहेर बसलेल्या दोघातिघांचा तरी धीर सुटे.

साडेचार वाजता ट्रंकेच्या तळाशी एका नाटकाच्या शंभराव्या प्रयोगानंतरचा समूहफोटो मिळाला. मधोमध प्रमुख नट हारात बुडालेले, बाजूला सगळी मंडळी एकमेकांना खेटून कॅमेऱ्याकडे पाहत असलेली. त्यांत मामा नव्हता. मी फोटो बाजूला ठेवणार तोच आईने तो हिसकावून घेतला आणि उजव्या कडेला विंगेजवळ बोट टेकवले. तिथे बंडी घातलेला एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. दुसऱ्या अंकातला खोटा टेलिफोन त्याने काखेत घेतला होता, वायरीचे वेटोळे हाताला गुंडाळले होते आणि उजव्या पायाच्या अंगठ्याने तो डावी पोटरी खाजवत होता. "दादा," आई म्हणाली. ती पोटरी आम्ही सगळ्यांनीच ओळखली. मी फोटो उलटून पाहिला. मागे 'मी' नव्हते, पुढे बाणही नव्हता. आपण फोटोत आलो आहोत, हे त्याला कळलेलेच नसावे.

तेवढाच भाग मोठा करून पाठवला. पाचला पाच कमी असताना फोन वाजला. गृहस्थ अत्यंत सौजन्याने म्हणाले, "चुकून मागच्या बाजूचा आलाय. पुढच्या बाजूचा पाठवता का?"

मी शब्द शोधत असताना मामीने फोन माझ्या हातातून घेतला.

"तोच छापा," ती म्हणाली. "ते एक्झिट घेतायत."