जवस भिजवला, चिकट झाला, म्हणे जीएम!

रविवारी मावशीकडे जेवायला गेलो आणि पानात जवसाची चटणी नव्हती. मावशीच्या घरी हे म्हणजे मीठ वाढायचं राहून जाण्यासारखं. विचारलं तर म्हणाली, "फेकला सगळा. दोन किलो होता. तो कॅनडाचा विषारी निघाला म्हणतात." आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. कॅनडाच्या शेतकऱ्यांनी पैशाच्या हावेपायी एका अमेरिकन कंपनीचा जीएम, म्हणजे जनुकं बदललेला, जवस चोरून पेरला, युरोपने जवसावर कायमची बंदी घातली, तोच माल आता भारतात खपवतायत, त्याने कॅन्सर होतो. शेवटी घरगुती परीक्षा: चमचाभर जवस रात्री पाण्यात घाला, सकाळी पाणी बुळबुळीत झालं तर समजा जीएम.

आधी ही परीक्षाच घेऊ, कारण मावशीने ती केली आणि तिचा जवस नापास झाला. अहो, जवस भिजवला की चिकट होणारच! दाण्याच्या सालीतच तो चिकटपणा असतो. सब्जा फुगतो, मेथी बुळबुळते, तसंच हे. पोरी जवस उकळून केसांना लावायचं जेल करतात ते कशाच्या जोरावर? उलट भिजवूनही कोरडाठाक राहिला तर दुकानदाराला जाब विचारा. जीएम आहे की नाही हे डीएनए तपासल्याशिवाय कळत नाही. कॅनडाच्या मालात तर दहा हजार दाण्यांत एक असला तरी तो शोधायचा होता. दहा हजार दाणे म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम, वाटीभर जवस. त्यातला एक दाणा. तो काय पाणी ओतून हात वर करणार आहे?

आता खरं आहे तेवढं मान्य करतो, नाइलाजाने. भेसळ झाली होती. सप्टेंबर २००९ मध्ये जर्मनीत कॅनडाच्या जवसात जीएम अंश सापडले आणि मग एकेका देशातून तशाच बातम्या येत गेल्या. वाणाचं नाव ट्रिफिड. पण तो कुठल्या अमेरिकन कंपनीचा नव्हता, कॅनडातल्याच सस्काटूनच्या सरकारी विद्यापीठात तयार झालेला होता. आधीच्या पिकावर मारलेल्या सल्फोनिल्युरिया तणनाशकाचा अंश जमिनीत उरला तरी जवस तग धरावा, एवढाच त्याचा उद्देश. नव्वदच्या दशकात कॅनडाने त्याला परवानगी दिली. युरोपचे व्यापारी म्हणाले, असला माल आम्ही घेणार नाही. तेव्हा जवस उत्पादकांच्या संघटनांनीच हा वाण नको म्हणून आग्रह धरला आणि २००१ मध्ये त्याची नोंदणी रद्द झाली.

म्हणजे ज्यांना मेसेज हावरट म्हणतोय, त्यांनीच तो बाजारात येण्याआधी थांबवला होता. ही ओळ मी मावशीला दोनदा वाचून दाखवली.

मग आठ वर्षांनी तो आला कुठून? २०१० च्या सुरुवातीला त्याच विद्यापीठाच्या नॉर्मंडी आणि मॉन्स या दोन साध्या वाणांच्या पैदासकार बियाण्यातच ट्रिफिडचे अंश सापडले. पैदासकार बियाणं म्हणजे वाणाचं अगदी मूळ बियाणं, शेतकऱ्याला ते सांगायला नको. त्यातून पायाभूत, पायाभूतमधून प्रमाणित, आणि ते पोतं आपण पावती घेऊन विश्वासाने घरी आणतो. उगमालाच गढूळ झालेल्या पाण्याचा दोष शेवटच्या शेतातल्या माणसाला द्यायचा? त्यात जवसाचा दाणा इतका गुळगुळीत की पोत्याच्या छिद्रातून गळतो, पेरणी यंत्राच्या फटीत बसतो. जवसात परपरागीकरण फारसं होत नाही, भेसळ होते ती अशी, दाण्यात दाणा मिसळून.

आणि भोगलं कोणी? कॅनडाच्या जवसाचं तेव्हाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक युरोप. ते अडलं तसे भाव कोसळले. माल विकण्याआधी चाचणी, खर्च शेतकऱ्याचा. घरचं राखून ठेवलेलं बियाणंही तपासल्याशिवाय पेरायची सोय राहिली नाही. २००९ मध्ये नऊ लाख टनांवर असलेलं देशाचं उत्पादन २०११ मध्ये चार लाखांच्याही खाली आलं. त्यात ओल्या हंगामांचाही वाटा होता, सगळं खापर ट्रिफिडवर फोडणार नाही. पण युरोपचा बाजार तेवढ्यात रशिया आणि कझाकस्तानने धरला.

बाकीचं उरकतो. कायमची बंदी? नाही. २००९ मध्येच चाचणीची पद्धत ठरली आणि तपासलेल्या मालाला वाट मिळाली. कॅन्सर? त्याला काहीच आधार नाही. भांडण युरोपातल्या परवानगीचं होतं, विषाचं नव्हतं. जीएमला विरोध असेल तर जरूर करा, मलाही काही शंका आहेत, पण खोट्यावर उभं राहून नको. आणि भारतात? इथे व्यापारी लागवडीत जीएम पीक एकच, बीटी कापूस. आयातीचं म्हणाल तर मार्च २०२१ पासून चोवीस पिकांच्या मालासोबत जीएम नसल्याचा दाखला लागतो, त्यात जवस आहे. दाखला आहे म्हणजे सगळं आलबेल, असं विदर्भातला माणूस म्हणणार नाही. तणनाशक सोसणारा, परवानगी नसलेला एचटीबीटी कापूस कोणत्या दाखल्यावर उगवतो ते आपल्याला ठाऊक आहे.

पण मावशीचा जवस बोटीतून आलाच नव्हता. तो आला होता भंडाऱ्याच्या आमच्या नात्यातल्या एका शेतातून, उभ्या धानात उतेरा टाकलेला. तो तिने उकिरड्यावर ओतला.

परवा तिथूनच दोन किलो पुन्हा आणून दिला. मावशीने माझ्यासमोर पोतडी सोडली, दाणे तळहातावर घेऊन पाहिले, आणि आत जाऊन चमचाभर भिजत घातले.